बिनफोटोची पत्रकं

“अप्पांचा फोटो जरा बारीक करता येईल का?” दिनकर तोडकरनं विचारलं.

मी काचेच्या टेबलावर वाकून त्याच्याच पत्रकाचा मजकूर जुळवत होतो. वर न बघताच म्हटलं, “किती बारीक?”

“पोस्टाच्या तिकिटाएवढा.”

“तेवढ्यात अप्पांच्या फक्त मिशा मावतील.”

तो हसला नाही. त्यानं दाराकडं पाहिलं, मग आत मशीनपाशी उभ्या असलेल्या यशवंतकडं पाहिलं आणि माझ्या कानाशी आला. “श्रीधरभाऊ, तुम्हाला म्हणून सांगतो. पाचशे पत्रकं फोटोसकट काढा. अप्पा आमच्या प्रभागात आले की ती वाटायची. आणि दोन हजार काढा बिनफोटोची. घरोघरी ती जातील.”

“अप्पांना कळलं तर?”

“कसं कळेल? तुम्ही सांगणार आहात का?”

“मी कशाला सांगू,” मी म्हणालो.

ही गोष्ट वीसएक वर्षांपूर्वीची. नेवरगावात माझा छापखाना होता, गुरव ऑफसेट. एरवी लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, यात्रेचे कार्यक्रम असलं काम. नगरपालिकेची निवडणूक आली की मात्र जेवायला फुरसत नसायची. त्या वेळी मतदाराला दोन मतं होती. एक नगराध्यक्षाला, एक आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला. आमच्या पक्षाचे नगराध्यक्ष जयवंतराव शिंगटे, म्हणजेच अप्पा. मागच्या खेपेला त्यांची अशी हवा होती की त्यांच्या फोटोवर सतरापैकी तेरा नगरसेवक निवडून आले. त्यांतल्या दोघातिघांना तर स्वतःच्या घरातली मतं तरी पडली असतील का, याची मला आजही शंका आहे.

पण पाच वर्षांत सगळं फिरलं. अप्पांनी भुयारी गटाराचं काम काढलं आणि अख्खं गाव उकरलं. ठेकेदार अर्ध्यात काम टाकून गेला. दीड वर्ष चर तसेच. लोक घरातून रस्त्यावर यायला फळी टाकत होते. नळाला पाणी चौथ्या दिवशी, तेही गढूळ. तक्रार घेऊन गेलेल्या बायकांना अप्पा म्हणाले, “तुमच्या आज्जीच्या घरात नळ होता का?” एवढं एक वाक्य गावभर फिरलं आणि त्यानं चरांपेक्षा जास्त नुकसान केलं.

आणि मी यात नुसता छापणारा नव्हतो. माझी बायको शालन प्रभाग चारमधून उभी होती, त्याच पक्षाकडून. एकोणीस वर्षं तिनं बालवाडी चालवली होती. मागच्या वेळी ती अपक्ष उभी राहिली आणि अडतीस मतांनी पडली. त्यानंतर आठ दिवस ती घराबाहेर पडली नाही. बालवाडीतली पोरं खिडकीखाली येऊन “बाई, बाई” करायची आणि ती आत पाठ करून बसायची. ते मला बघवलं नव्हतं. या वेळी मीच अप्पांच्या पाया पडून तिचं तिकीट आणलं. त्या महिन्यात मला एकच ध्यास होता, शालन निवडून आली पाहिजे. मग बाकी कुणाचं काही का होईना.

तिचं पत्रक मी सगळ्यांच्या आधी केलं. वर नेत्यांची रांग, मधोमध अप्पा चांगले तळहाताएवढे, खाली हात जोडलेली शालन. कच्चा नमुना घरी नेऊन तिला दाखवला. तिनं तो बराच वेळ बघितला.

“अप्पांचा फोटो एवढा मोठा हवाय का?” ती म्हणाली.

“तिकीट त्यांनी दिलंय.”

“ते खरं. पण खालच्या आळीतली पारूबाई त्यांच्याच चरात पडली. खुबा मोडलाय तिचा. तिच्या दारात हे घेऊन कशी जाऊ मी?”

“तू तुझं काम सांग ना. फोटोकडं कोण बघतंय?”

“सगळे फोटोच बघतात हो. वाचतं कोण?” एवढं बोलून तिनं नमुना परत दिला. “तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.”

मी तो होकार समजलो.

दिनकर येऊन गेला त्याच दुपारी अप्पांनी सगळ्या उमेदवारांना वाड्यावर नाही, साखर गोदामाच्या वरच्या हॉलमध्ये बोलावलं. घरी कान फार असतात म्हणे. शालनला ताप होता, म्हणून मी गेलो. जिल्ह्याच्या कार्यालयातून एक चष्मेवाला गृहस्थ आला होता. पक्षानं गुपचूप गावात पाहणी करून घेतली होती, तिचे आकडे त्यानं वाचून दाखवले.

“नगराध्यक्षांच्या कामावर समाधानी आहात का, असा प्रश्न होता. सहा महिन्यांपूर्वी शंभरातले बावन्न जण हो म्हणाले होते. या महिन्यात एकोणतीस.”

सगळ्यांनी माना वळवून अप्पांकडं पाहिलं.

“कुणाला विचारलंत?” अप्पांनी विचारलं.

“मतदारयादीतलं प्रत्येक विसावं घर.”

“म्हणजे एकोणीस घरं सोडून दिली. तिथंच माझी माणसं राहतात.”

दोघंतिघं हसले, तेही अप्पा हसतायत की नाही हे आधी बघून. चष्मेवाला मात्र खालीच बघत पुढचं वाचत राहिला. नगराध्यक्षांवर नाराज असलेल्या दहांपैकी सात जणांना नगरसेवकही त्यांच्या पक्षाचा नको होता. उमेदवारांनी शक्यतो स्वतःच्या कामावर मतं मागावीत, अशी सूचना होती.

“म्हणजे माझं नाव घेऊ नये,” अप्पा म्हणाले. “असंच ना?”

“मी फक्त वाचतोय, साहेब.”

अप्पा उठले. खोलीतल्या एकेकाच्या तोंडाकडं बघत ते सगळ्या रांगेवरून फिरले. “यातलं अक्षर बाहेर जायचं नाही. आणि कुणाला माझी लाज वाटत असेल तर त्यानं आत्ताच सांगावं.” सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. दिनकर माझ्या शेजारी बसला होता. सगळ्यांत जोरात मान त्यानंच हलवली.

पुढच्या तीन दिवसांत आणखी तिघं छापखान्यात येऊन गेले. प्रत्येकजण एकटाच आला, मागच्या दारानं आला, आणि प्रत्येकाला वाटत होतं की ही अक्कल फक्त आपल्यालाच सुचलीय. एक म्हणाला, फोटो उडवा आणि तिथं फुलांची वेल टाका. दुसरा म्हणाला, जागा रिकामी सोडा, मी शिक्का मारीन. तिसऱ्या बाई होत्या, त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. मी सगळ्यांना हो म्हणालो. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

पण मला त्या दिवसांत संशयाची लागणच झाली. वाया गेलेले कागद मी स्वतः चुलीत घालायला लागलो. छापून वाळत घातलेल्या गठ्ठ्यांवर चादर टाकायचो. कुणी दारात उभं राहिलं की हा अप्पांचा माणूस तर नाही ना, असं वाटायचं. समोरच्या चहावाल्यानं सहज विचारलं, “काय, जोरात काम आहे?” तर मी त्याच्यावर खेकसलो. यशवंत भिसे माझ्याकडं सोळा वर्षं मशीनवर होता. तोंडात तंबाखू आणि मुखात मौन असा माणूस. तो म्हणायचा, “मालक, एवढं कशाला भिताय? आपण छापतो, आपण काय मतं मागतोय का?” त्याला काय जातंय बोलायला, असं मला वाटायचं. त्याची बायको थोडीच उभी होती.

चौथ्या दिवशी सकाळी अप्पा एकटेच छापखान्यात आले. गाडी लांब उभी केली होती. यशवंत शाई आणायला गेला होता. त्यांनी माझी खुर्ची घेतली, मी स्टुलावर बसलो.

“चहा सांगू?”

“नको. शालनचं पत्रक दाखव.”

मी दाखवलं. त्यांनी स्वतःच्या फोटोवर अंगठा फिरवला. “छान आलाय. आता बाकीच्यांची दाखव.”

“बाकीच्यांची वाळतायत.”

“श्रीधर, मी चाळीस वर्षं माणसं वाचतोय. त्या चादरीखाली काय आहे ते बघायला मला उठायला लावू नकोस.”

अप्पांनी आवाज एकदम मऊ केला. “तुला ठाऊक आहे, मी पडलो तरी आपले नऊदहा जण येतील. उपनगराध्यक्ष त्यांच्यातूनच होईल. माझ्या मनात शालन आहे. शिकलेली आहे, स्वच्छ आहे. पण तिच्या प्रभागात माझी माणसं फिरली पाहिजेत, माझ्या भावकीची दीडशे मतं तिला पडली पाहिजेत. ती मी कुणासाठी खर्च करू? जे माझं तोंड पुसून टाकतायत त्यांच्यासाठी?”

“नाही, अप्पा.”

“मग सांग.”

आता वीस वर्षांनी मी कितीही म्हटलं की घाबरलो, दबलो, तर ते खोटं होईल. मी घाबरलो नव्हतो. मी हिशेब केला, की दीडशे मतं आणि मागच्या वेळी अडतीस मतांनी गेलेली जागा. मी चार नावं सांगितली. दिनकरचं पहिलं.

अप्पा उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तुझ्या प्रभागात मला यायची गरज नाही. तिथं विश्वास आहे.”

त्याच संध्याकाळी शिवाजी चौकात सभा होती. अप्पांनी दिनकरला व्यासपीठावर बोलावलं. लोकांना वाटलं, कौतुक करणार. अप्पांनी खिशातून एक घडी केलेलं पत्रक काढलं, उलगडलं आणि माईकवर म्हणाले, “हा आमचा दिनकर. याच्या वडिलांच्या तेराव्याला मी वाढपी म्हणून उभा होतो. आता याला माझा चेहरा चालत नाही. बघा, किती स्वच्छ छापलंय.” ते पत्रक त्यांनी पुढच्या रांगेत दिलं. ते हातोहात मागपर्यंत गेलं. दिनकर तिथंच उभा. त्याला उतरावं की थांबावं कळेना. त्याची बायको पुढच्या बाजूला बायकांत बसली होती, तिनं पदर तोंडावर ओढला. दुसऱ्या दिवसापासून त्या चौघांच्या प्रभागातून पक्षाची माणसं उठली.

ते पत्रक अप्पांच्या खिशात कसं गेलं, हे मला माहीत होतं. मीच दिलं होतं.

दिनकर सकाळी सकाळी छापखान्यात आला. रात्रभर झोपला नसावा. यशवंत मशीन पुसत होता.

“भाऊ, कुणी सांगितलं?”

“मला काय ठाऊक?”

“छापलेलं कुणाच्याच हातात गेलं नव्हतं. गठ्ठा इथंच होता. अजून बांधलेला आहे बघा. मग अप्पांकडं कुठून गेलं?”

मी म्हणालो, “दिनकर, छापखान्यात मी काय एकटाच असतो का?”

बस, एवढंच. मी यशवंतचं नाव घेतलं नाही. पण त्याच्याकडं पाहिलं. दिनकरनंही पाहिलं. यशवंतनं हातातली चिंधी मशीनवर ठेवली. तो मला काही म्हणेल असं वाटलं, पण तो दिनकरला म्हणाला, “दिनकरराव, मी केलं नाही.” मग माझ्याकडं वळला. “मालक, तुम्ही सांगा की यांना.”

मी टेबलावरचे कागद नीट करत राहिलो.

तो मोरीवर गेला आणि त्यानं हात धुतले. शाई जायला त्याला नेहमी वेळ लागायचा, त्या दिवशी तर फारच लागला असं मला वाटलं. खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि तो दिनकरच्या आधी बाहेर पडला. दुपारपर्यंत गावाला कळलं होतं की यशवंत भिसेनं अप्पांना खबर दिली.

दुपारी घरी जेवायला गेलो तर शालननं ताट वाढलं आणि समोर बसली.

“यशवंतभाऊ आले होते,” ती म्हणाली.

“कशाला?”

“बायको त्यांच्याशी बोलत नाहीये. दिनकरच्या घरचे आणि त्यांचे घरोब्याचे संबंध. तिला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. ते म्हणाले, बाई, तुम्ही तरी मालकांना विचारा.”

“काय विचारायचं?”

तिनं माझ्या ताटात भाकरी ठेवली. “तुम्ही सांगितलं का अप्पांना?”

“नाही.”

“खरं सांगा. मी काही बोलणार नाही.”

“नाही म्हटलं ना! माझ्यावरच संशय घेतेस? मी हे सगळं कुणासाठी करतोय?”

“बरं,” ती म्हणाली. आणि खरंच त्यावर काही बोलली नाही. ती मला दही हवंय का विचारायला उठली. मी मनात म्हटलं, सुटलो. नंतर दोन दिवसांनी ती जिल्ह्याच्या गावी बहिणीकडं जाऊन आली. प्रचाराचे दिवस, म्हणून मी कुरकुरलो, तर म्हणाली, “बहिणीला बरं नाही. सकाळी जाते, संध्याकाळी येते.”

पुढचे दहा दिवस माझं सगळं लक्ष बाकीच्या जगावर होतं. दिनकर माझ्याकडं कसा बघतो, चहावाला काय बोलतो, विरोधी पॅनेलची माणसं छापखान्यासमोर का थांबतात. यशवंतच्या जागी तात्पुरता एक जण ठेवला होता, तो सारखा बाहेर का जातो यावरही माझं लक्ष होतं. अप्पा प्रत्येक प्रभागात अचानक जाऊन दारोदारची पत्रकं बघत होते, आपला फोटो आहे की नाही. आमच्या प्रभागात मात्र ते एकदाही आले नाहीत. शालन रोज दुपारी छापखान्यात यायची, माझ्याकडून पत्रकांचे गठ्ठे घ्यायची, पिशवीत भरायची आणि चारपाच बायका घेऊन निघायची. मी तिला बजावायचो, “अप्पांचं नाव घे हं घरोघरी.” ती म्हणायची, “घेते की.”

मतमोजणी तहसील कचेरीत झाली. पहिल्या दोन फेऱ्यांतच अप्पा मागं पडले आणि मग सावरलेच नाहीत. अठराशे मतांनी पडले. सतरापैकी पक्षाचे फक्त तीन आले. दिनकर एकोणीस मतांनी गेला. त्या चौघांतला एकही आला नाही. अप्पांनी माणसं काढून घेतली नसती तर एकोणीस मतं कुठंही सापडली असती, हे मला तिथं उभ्या उभ्या कळत होतं.

आणि शालन एकशे बारा मतांनी निवडून आली.

मला रडू आलं. खरं सांगतो, गुलाल अंगावर पडला तेव्हा मी माझ्या लहान भावाच्या गळ्यात पडून रडलो. बाकी सगळं विसरलो. अप्पा कचेरीच्या पायरीवर आले होते. चेहरा पडलेला, पण त्यांनी शालनच्या डोक्यावर हात ठेवला आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बघा. माझा फोटो घेऊन लढली आणि जिंकली. आकडेवाल्याला सांगा कुणीतरी.” शालन वाकून पाया पडली. वर उठताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मिरवणूक खालच्या आळीत गेली तेव्हा पारूबाईच्या दारात थांबली. खाटेवर बसल्या बसल्या म्हातारीनं शालनला ओवाळलं. मग मला म्हणाली, “गुरवा, पत्रक झ्याक काढलंस. पयल्यांदाच त्या शिंगट्याचं तोंड न्हवतं त्यावर. मी देवाऱ्यात ठेवलंय बघ.”

तिच्या सुनेनं ते आणून माझ्या हातात दिलं. आम्हा छापणाऱ्यांना एक खोड असते. कुठलंही पत्रक हातात आलं की आधी तळाची बारीक ओळ बघायची, कारण निवडणुकीच्या पत्रकावर छापणाऱ्याचं नाव टाकावंच लागतं. ओळ होती, ‘मुद्रक : सारंग ऑफसेट’. जिल्ह्याच्या गावचा छापखाना. मग मी वर पाहिलं. शालनचा फोटो, भोवती बालवाडीची पोरं. खाली लिहिलेलं, एकोणीस वर्षं तुमच्या लेकरांना सांभाळलं, आता तुमच्या गल्लीला सांभाळीन. पक्षाचं चिन्ह होतं. अप्पा कुठंच नव्हते.

मी ते खिशात घातलं आणि घरापर्यंत मिरवणुकीबरोबर नाचत गेलो. काय करणार? लोक बघत होते.

घरी पाहुणे गेल्यावर मी खाटेखाली वाकलो. माझ्याकडून नेलेले सगळे गठ्ठे तिथं होते. सुतळीसुद्धा सुटली नव्हती. शालन दारात येऊन उभी राहिली. केसांतला गुलाल तिनं अजून धुतला नव्हता.

“बहिणीला काय झालं होतं?” मी विचारलं.

“काही नाही. बरी आहे ती.”

“सारंग ऑफसेटवाला ओळखीचा कधीपासून?”

“मी त्याला ओळखत नाही. यशवंतभाऊ आता तिथं मशीनवर आहेत. त्यांनी छापून दिलं.”

मी खाटेवर बसलो. “त्यानं कुणालाच सांगितलं नाही?”

“कुणाला सांगतील? सोळा वर्षांत त्यांनी कधी कुणाचं काही सांगितलंय?”

मी आवाज चढवला. “आणि मला? माझ्या बायकोचं पत्रक दुसऱ्याच्या मशीनवर? मला विचारलं असतंस तर मी काढला असता अप्पांचा फोटो. तुझ्यासाठी काढला असता.”

“काढला असतात,” ती म्हणाली. “आणि अप्पांनी येऊन विचारलं असतं तर?”

“तुझं नाव मी सांगितलं नसतं!”

हे तोंडातून गेलं आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय बोललो. शालनच्याही लक्षात आलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“मी तुम्हाला ताटावर विचारलं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही हो म्हणाला असतात ना, तर मी तुमच्याकडंच छापलं असतं. आपण दोघांनी मिळून काहीतरी केलं असतं दिनकरसाठी.” मग ती म्हणाली, “उद्या दिनकरकडं जा आणि सांगून या. यशवंतभाऊंना मी सांगून ठेवलंय की तुम्ही जाल.”

“जातो,” मी म्हणालो.

मी गेलो नाही. सकाळी निघालो होतो, त्याच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. तो गिऱ्हाईकाला कापड मोजून देत होता. मी परत फिरलो. म्हटलं, उद्या. अशा उद्या बऱ्याच झाल्या. शेवटी शालन स्वतः गेली. ती काय म्हणाली, दिनकर काय म्हणाला, मला तिनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दिनकर मात्र त्या दिवसापासून रस्त्यात भेटला की मला नमस्कार करायचा, आधी करत नव्हता तेवढा लवून. तो नमस्कार मला शिवीपेक्षा जड जायचा. यशवंतला मी परत बोलावलं होतं. निरोप आला, इथं बरं चाललंय.

शालननं पाच वर्षं चांगलं काम केलं. चर बुजवून घेतले, खालच्या आळीला रोज पाणी आणलं. दरवर्षी ती आपल्या कामाचा एक छोटा अहवाल काढून घरोघरी वाटायची. तळाला ओळ असायची, सारंग ऑफसेट. गावातले लोक विचारायचे, “काय श्रीधरभाऊ, घरचा छापखाना असून बाईंचं काम बाहेर?” मी सांगायचो, आमचं मशीन जुनं झालंय, रंग नीट येत नाहीत. माझ्याशी ती वाईट वागली असं कुणीही म्हणू शकणार नाही. वेळेवर जेवण, आजारपणात उशाशी, सणावाराला नवा सदरा. फक्त पालिकेतलं, पक्षातलं, गावातलं काही माझ्यासमोर बोलायची नाही.

पुढची निवडणूक आली. ती पुन्हा उभी राहिली. सकाळची वेळ होती, ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मजकूर लिहीत होती. मी धीर करून आत गेलो. चहाचा कप तिच्याजवळ ठेवला आणि म्हटलं, “शालन, या वेळी पत्रक माझ्याकडं दे. मी नवीन मशीन घेतलंय.”

“चहा छान झालाय,” ती न पिताच म्हणाली, आणि समोरचा कागद उलटा करून ठेवला.